रोमचे नाकाडे नळ: पाचपैकी साडेचार तारे

रोममध्ये आम्ही सात दिवस होतो आणि त्या सात दिवसांत ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त विसंबलो, ती फुकट होती. रस्त्याच्या कडेला छातीइतका उंच, राखाडी रंगाचा ओतीव लोखंडी खांब. त्याला पुढे वाकलेली एक तोटी आणि तिच्यातून रात्रंदिवस वाहणारं थंडगार पाणी. रोमची माणसं त्याला ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. तोटी पाहिली की नाव पटतं. आमच्या ताईने दुसऱ्या दिवशीच त्याचं ‘नाकाड्या’ असं बारसं केलं, आणि पुढे आमच्यात तेच चाललं.

हा अभिप्राय त्या नळांचा आहे. हॉटेलांचे आणि जेवणाचे अभिप्राय भरपूर सापडतात. पण जुलैमध्ये घरातल्या वयस्कर माणसांना घेऊन तिकडे जाणाऱ्याला या नळांबद्दल कोणी आधी सांगत नाही. आम्हालाही सांगितलं नव्हतं.

मी अकोल्याची. तीस वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी केली. आमच्याकडे मार्च संपला की उष्माघात कक्ष उघडतो. खिडक्यांना ओले पडदे, कूलर, बर्फ, सलाईन, सगळं तयार ठेवावं लागतं. शेतातून, बांधकामावरून, लग्नाच्या वरातीतून ऊन लागलेली माणसं आलेली मी पाहिली आहेत. काहींना वाचवता आलं नाही, तेही पाहिलं आहे. त्यामुळे उन्हाबद्दल मला कोणी नव्याने काही सांगावं असं मला वाटत नव्हतं. रोममध्ये दुसऱ्याच दिवशी माझ्या सख्ख्या बहिणीला भर दुपारी माझ्या डोळ्यांदेखत चक्कर आली, आणि ती येईपर्यंत मला काही कळलं नाही. हे मला अजून टोचतं.

ताईचा मुलगा जर्मनीत नोकरीला आहे. २०२३ च्या जुलैमध्ये त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा वाटेत एक आठवडा रोम करू असं ठरलं. मी, आमचे हे, आणि ताई. ताईचं वय ६६, रक्तदाबाची गोळी चालू. १४ तारखेला सकाळी उतरलो. १५ तारखेला शनिवार होता. भाच्याने कोलोसियम आणि फोरमची, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाच्या अवशेषांची, गाईडसह सहल आधीच घेऊन ठेवली होती. सकाळच्या वेळा संपल्या होत्या म्हणून साडेअकराची मिळाली. पैसे भरलेले होते, ते परत मिळणार नव्हते. म्हणून गेलो.

त्या दिवशी इटलीच्या आरोग्य खात्याने रोमसाठी लाल इशारा दिला होता, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. तिथे उन्हाळ्यात २७ शहरांसाठी असं पत्रक निघतं. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. लाल म्हणजे फक्त म्हाताऱ्यांना किंवा आजाऱ्यांना नाही, धडधाकट माणसालाही धोका. सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा उन्हात जाऊ नका, असं खातं लोकांना सांगत होतं. आणि आम्ही बरोबर साडेअकराला रांगेत उभे.

कोलोसियमच्या आत गाईड चांगलं सांगत होती. या इमारतीवर तेव्हा शिडाच्या कापडाचं भलंमोठं छत ताणायचे आणि त्या दोरखंडांसाठी आरमारातले खलाशी ठेवलेले असत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रेक्षकांना सावली होती. आता छत नाही, दगड मात्र तेच. ते सकाळपासून तापलेले असतात आणि खालून, बाजूने, सगळीकडून ती धग अंगावर येते. एकच्या सुमारास आम्ही फोरममध्ये उतरलो. तिथे पायाखाली ओबडधोबड जुनी फरसबंदी आणि डोक्यावर उघडं आभाळ. ऊन मी म्हणत होतं.

ताई मागे पडायला लागली. मी विचारलं तर म्हणाली, “मले काई नाई होत, चाल तू.” थोड्या वेळाने पुन्हा मागे वळून पाहिलं तर ती एका खांबाला टेकून उभी. चेहरा पांढरा, कपाळावर गार घाम आणि एवढ्या उन्हात हातावर काटा. मग उलटी झाली. हात धरला तर गार आणि ओलसर. तेव्हा माझ्यातली सिस्टर जागी झाली. नाव विचारलं, गाव विचारलं, नीट उत्तरं दिली. म्हणजे मेंदूपर्यंत गेलं नव्हतं. त्याच वेळी ती गोंधळल्यासारखी बोलली असती, तर मी एक क्षण न थांबता ११२ ला फोन लावला असता. हा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. घाम, मळमळ, चक्कर असेल तर सावली, पाणी आणि क्षार. बडबड, गोंधळ, शुद्ध हरपणं असेल तर ताबडतोब रुग्णवाहिका, आणि ती येईपर्यंत अंग ओलं करत राहायचं.

गटाला थांबता येत नव्हतं, ते पुढे गेले. आम्ही तिला एका भिंतीच्या सावलीत निजवलं आणि पाय पिशवीवर उंच केले. आमच्याकडे तीन युरोला फेरीवाल्याकडून घेतलेली अर्ध्या लिटरची बाटली होती. त्यात दोन घोट उरले होते, तेही कोमट. यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि बाटली घेऊन धावले. पाच मिनिटांत परत आले तेव्हा बाटलीवर बाहेरून दव धरलं होतं. “तिथे नळ आहे, बर्फासारखं पाणी आहे, अन्‌ लोक पिताहेत.” माझी ओढणी त्या पाण्यात भिजवून मी तिच्या मानेवर, काखेत, कपाळावर फिरवली. हे टोपीने वारा घालत राहिले. ओआरएसची पुडी माझ्या पर्समध्ये होती, ती सवय सुटत नाही. पुडी एक लिटरची, म्हणून यांनी दोन खेपा केल्या आणि मोठ्या डब्यात ते कालवलं. घोट घोट करत तिच्या पोटात गेलं. पाऊण तासाने ती उठून बसली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, “अवं, हे तं आपल्या प्याऊपेक्षा थंड हाय.”

सकाळपासून असे निदान चार नळ आम्ही ओलांडून आलो असू. वाहतं पाणी, वर झाकण नाही, शेजारी ग्लास नाही. हात धुण्याची सोय असेल असं समजून आम्ही पुढे गेलो आणि बाटली विकत घेतली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आता नळांबद्दल. हे नळ १८७४ पासून रोममध्ये आहेत. शहरात आजमितीला सुमारे अडीच हजार आहेत. एकेकाचं वजन शंभर किलोच्या घरात, उंची सव्वा मीटरच्या आसपास. सुरुवातीला प्रत्येकाला तीन तोट्या असत आणि त्या ड्रॅगनच्या तोंडाच्या आकाराच्या. तसले जुने आता मोजकेच उरलेत. पॅन्थिऑन या प्राचीन देवळाच्या समोरच्या चौकात एक आहे, तो मुद्दाम बघा. बाकीच्यांची तोटी साधी, गुळगुळीत नळी. पाणी बहुतांशी रिएतीकडच्या डोंगरातल्या पेस्किएरा झऱ्यांचं. तेच पाणी घरोघरच्या नळांना येतं, म्हणजे हे काही वेगळं कमी प्रतीचं पाणी नाही.

प्यायचं कसं, हे आम्हाला एका आठ-दहा वर्षांच्या पोराने न बोलता शिकवलं. तोटीच्या वाकणावर, वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की पाणी त्या भोकातून कारंज्यासारखं वर उडतं आणि वाकून थेट तोंडात घेता येतं. तोंड लोखंडाला लागत नाही. एवढ्या एका भोकाने स्वच्छतेचा प्रश्न सोडवला आहे. ताईने पहिल्यांदा दाबलं तेव्हा ते पाणी तिच्या चष्म्यावर उडालं आणि ती लहान मुलीसारखी हसली. आदल्या दिवशी तिला तशी पडलेली पाहिल्यानंतर ते हसू ऐकून मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही.

चव: चांगली, किंचित जड. पाण्यात चुना भरपूर आहे, खोलीवरच्या किटलीत चार दिवसांत पांढरा थर धरला. ज्यांना बोअरच्या पाण्याची सवय आहे त्यांना काही वेगळं वाटणार नाही. पोट आमच्यापैकी कोणाचंही बिघडलं नाही. गारवा: पूर्ण गुण. पाणी जमिनीखालून सतत वाहत येतं, नळीत साचून तापत नाही. भर दुपारच्या उन्हातही ते दात शिवशिवतील इतकं गार होतं.

सतत वाहतं, याचा ताईला मात्र शेवटपर्यंत त्रास झाला. अकोल्यात काटेपूर्णा धरणाचं पाणी उन्हाळ्यात चार-पाच दिवसांआड येतं. रात्री दोनला नळाला पाणी आलं की उठून भांडी भरलेली ती बाई. “इतकं पानी वाया चाललं वं,” असं म्हणून पहिल्या दिवशी ती तोटी बंद करायला चावी शोधत होती. चावी नसते. २०१७ च्या दुष्काळात रोमने बरेच नळ बंद केले होते, तेव्हा तिथल्या लोकांनीच ओरड केली. त्यांचं म्हणणं असं की खरी गळती जमिनीखालच्या जुन्या जलवाहिन्यांत आहे, ती आधी थांबवा. आणि उघड्यावर राहणारी माणसं, कुत्री, पक्षी याच नळांवर जगतात. हे मी स्वतः पाहिलं. खांबाच्या तळाशी जे पाणी पडतं, त्यात दुपारी कबुतरं पंख भिजवत बसलेली असत. ताईचं समाधान झालं नाही, आणि तिचंही चूक आहे असं मला वाटत नाही.

अर्धा तारा मी कापला तो बसण्यासाठी. नळाजवळ बसायला काही नाही. आपल्याकडे पाणपोई म्हटली की वर झाप किंवा ताडपत्री, खाली रांजण, शेजारी एखादं बाकडं. पाणी प्यायचं आणि घटकाभर टेकायचं, हे एकत्रच असतं. रोममध्ये नळ भर उन्हात उभा. आणि दमून पायरीवर टेकावं तर सगळीकडे चालत नाही. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून बंदी आहे, पोलीस शिट्टी वाजवून उठवतात, दंड अडीचशे युरोपासून. कारंज्यात पाय बुडवायलाही दंड आहे. हे नियम स्मारकांसाठी बरोबर असतील, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाने आधीच माहीत करून घ्यावेत. त्याच पायऱ्यांच्या पायथ्याशी अर्ध्या बुडालेल्या होडीच्या आकाराचं कारंजं आहे, १६२९ सालचं, बार्काच्चा नावाचं. तिथे पाण्याला दाब कमी, उंच उडत नाही, म्हणून कारंजंच बुडत्या होडीसारखं खाली बसवलं. तिच्या टोकाला येणारं पाणी पिण्याचं आहे. ते ज्या जलवाहिनीचं आहे ती मुळात इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधली गेली. मी ओंजळ भरून प्याले.

एक सावधगिरी. ‘नोन पोताबिले’ अशी पाटी असेल तिथे पिऊ नका. नळ शोधायला ‘वेडी वॉव’ (Waidy Wow) नावाचं ॲप आहे, नकाशावर जवळचे नळ दाखवतं. आम्हाला तिसऱ्या दिवसानंतर त्याची गरज पडली नाही, कान तयार झाले. गल्लीत शिरलं की पाण्याचा आवाज येतो.

पण नुसत्या पाण्याने भागलं नसतं. शनिवारी संध्याकाळी ताई झोपली होती. मी खिडकीच्या झडपा लावून विचार करत बसले. मेमध्ये ४५ डिग्रीत राहणारी आम्ही माणसं, इथे कशी पडलो? एक एक धागा लागत गेला. आम्ही मेमध्ये निघालोच नव्हतो. जुलैत निघालो तेव्हा अकोल्यात पाऊस, ढग, गार वारा. शरीर उन्हाला सरावतं त्याला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि ऊन सरलं की तो सराव काही आठवड्यांत उतरतो. उन्हाळ्याचं अकोल्याचं अंग आम्ही घरीच ठेवून आलो होतो. त्यात रात्रीचा विमानप्रवास, झोप नाही. शिवाय मेमध्ये अकोल्यात दुपारी कोण चालतं? सकाळी दहाला बाजार उरकायचा, बाराला दार लावायचं, कूलर लावून पडायचं, पाचला चहा, सातनंतर बाहेर. डोक्याला पांढरा दुपट्टा बांधल्याशिवाय तर लहान पोरही घराबाहेर जात नाही. हे सगळं आम्ही जन्मभर केलं आणि परदेशी पाऊल टाकताच सोडून दिलं. कारण इतके पैसे खर्च करून आलो, मग दुपारी झोपायचं का? आपल्या गावच्या उन्हात जे कधी केलं नसतं, ते तिथे युरो मोजून केलं.

आणि दुसरा धागा, जो मी बायकांसाठी मुद्दाम लिहिते. ताईने सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं. “लघवीले कुठं जायचं?” म्हणून. तिच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे, म्हणजे शरीरातलं पाणी एकीकडून जात होतं आणि दुसरीकडून येत नव्हतं. मी परिचारिका, गोळीची पट्टी माझ्या डोळ्यांसमोर होती. निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं विचारायला हवं होतं की बाहेर खूप ऊन असेल तर या गोळीचं काय करायचं. मनाने गोळी बंद करायची नाही, पण विचारायचं. लघवीच्या सोयीवर उपाय साधा निघाला. रोममध्ये प्रत्येक गल्लीत बार असतो. बार म्हणजे तिथे दारूचं दुकान नव्हे, कॉफीची टपरी म्हणा. उभ्याने एक कॉफी घ्यायची, तेव्हा ती सव्वा युरोच्या आसपास होती, आणि स्वच्छतागृह विचारायचं. हे कॉफी घेत, आम्ही दोघी आत जात असू. त्यानंतर ताईने पाण्याला नाही म्हटलं नाही.

रविवारपासून आम्ही रोममध्ये अकोल्याची वेळ लावली. घड्याळाची नव्हे, दिनक्रमाची. पहाटे पाचला उठायचं. साडेपाच-पावणेसहाला उजाडतं. सहाला त्रेव्ही कारंज्यासमोर आम्ही आणि झाडलोट करणारे, एवढेच होतो. दुपारी तिथे माणसावर माणूस पडतं असं ऐकलं. आम्ही ते पाहिलंच नाही आणि त्याची हळहळ नाही. अकराच्या आत परत. मग जेवण, झडपा बंद, झोप. सहाला अंग पुसून बाहेर, रात्री दहा-साडेदहापर्यंत. सूर्य पावणेनऊला मावळतो, त्यामुळे संध्याकाळ चांगली लांबलचक मिळते. फक्त हे लक्षात ठेवा की तिथले काळे फरशीचे दगड रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असतात. पातळ तळाच्या चपला नकोत.

मजा अशी की दुपारच्या झोपेला रोममध्ये स्वतःचा शब्द आहे, पेन्निकेल्ला. लहान दुकानं दुपारी बंद असतात, कित्येक चर्चसुद्धा साडेबारा-एकला दार लावतात आणि तीन-चारला उघडतात. पहिल्या दिवशी ती बंद दारं पाहून आम्ही चिडलो होतो. नंतर कळलं की गावाने आपलं वेळापत्रक दारावरच लावून ठेवलंय, वाचलं असतं तर ताई पडली नसती.

दुपारी बाहेर राहावंच लागलं तर सांता मारिया माज्जोरे. आमची खोली तिथून पाच मिनिटांवर होती. हे मोठं चर्च दिवसभर उघडं असतं, प्रवेश फुकट, खांदे-गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आपल्या पंजाबी ड्रेसला काही अडचण नाही. जाड भिंती, उंच छत, आत शिरलं की माठाजवळ गेल्यासारखं वाटतं. या चर्चची आख्यायिका अशी की ऐन ऑगस्टमध्ये या टेकडीवर बर्फ पडला आणि तिथेच ते बांधलं. दर ५ ऑगस्टला छतातून पांढऱ्या पाकळ्यांचा वर्षाव करतात. ताई एका बाकावर अर्धा तास डोळे मिटून बसली होती. देव कोणाचा का असेना, गारवा देतो तो आपला, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मंगळवारी, १८ तारखेला, रोमचा पारा ४१ च्या पुढे गेला. त्या दिवशी आम्ही सकाळी आठनंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. व्हॅटिकनच्या संग्रहालयाची तिकिटं त्याच दुपारची होती. ती वाया जाऊ दिली. यांना वाईट वाटलं, दोन दिवस बोलून दाखवत होते. मी त्यांना एवढंच म्हटलं की ताईला मी घरून आणलं तसं परत न्यायचं आहे. आदल्या दिवशी सकाळी एस्क्विलीनो बाजारातून सामान आणून ठेवलं होतं, त्याचा उपयोग झाला. हा बाजार रोममधल्या आपल्या लोकांसाठी खजिना आहे. बांगलादेशी, भारतीय, चिनी दुकानदार, भेंडी, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, जिरं, सगळं मिळतं. दही आणलं, नाकाड्याचं गार पाणी घातलं, आलं-मीठ-जिरं घालून मठ्ठा केला आणि भाताबरोबर तेच जेवण. झडपांच्या फटीतून रस्ता दिसत होता. कडेने, सावली धरून, मधूनमधून एखादं माणूस चालत जाई. कोपऱ्यावरच्या नळाशी थांबे, मान भिजवे, पुढे जाई. रोमची माणसं मनगटं आणि मान भिजवतात, डोकं नाही. ताईने ते पाहून ठेवलं आणि उरलेले दिवस तसंच केलं.

पॅन्थिऑन बुधवारी सकाळी नऊला उघडताच पाहिलं. त्याच महिन्यात त्याला पाच युरोचं तिकीट सुरू झालं होतं. घुमटाच्या मधोमध उघडं गोल भोक आहे, त्यातून उन्हाचा एक कवडसा भिंतीवर पडतो आणि सरकत राहतो. आम्ही चाळीस मिनिटं बसून तो सरकताना पाहिला. एवढा वेळ एका जागी बसून आम्ही पूर्वी काहीच पाहिलं नसतं, तीन ठिकाणं उरकली असती. सात दिवसांत आमची यादी निम्मीसुद्धा झाली नाही. पण जे पाहिलं ते ताईला आज विचारा, ती तपशील सांगते.

तयारीचं थोडक्यात. अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या माणशी, एक पिण्याची, एक मान भिजवायची. एकच मोठी नको, जड होते आणि मग माणूस ती खोलीवर ठेवून निघतं. ओआरएसच्या पुड्या घरून न्या, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. सुती मोठा रुमाल किंवा दुपट्टा, पांढरा असेल तर उत्तम. तहान लागायची वाट पाहू नका. वय झालं की तहानेची जाणीव मंद होते, ताईच्या बाबतीत तर मी प्रत्येक नळाला तिला थांबवत होते, तहान असो-नसो. नळ दिसला की थांबायचं, हा नियमच केला, आणि त्यामुळे चाल आपोआप मंदावली.

शेवटच्या रात्री तायबर नदीच्या बेटाजवळ गेलो. तिथे ग्रात्ताकेक्काची टपरी आहे. मोठ्या बर्फाच्या लादीवर हाताने खरवडणी फिरवून बर्फ काढतात, ग्लासात भरतात आणि वरून रस ओततात. आपला बर्फाचा गोळाच, फक्त काडी नाही. बर्फ किसल्याचा तो खर्र खर्र आवाज ऐकून आम्ही तिघंही एकदम थांबलो. रात्रीचे दहा वाजले होते, नदीवरून थोडा वारा होता, समोर रोमची पोरंसोरं, आजी-आजोबा रांगेत. पाटीवर ‘तामारिंदो’ लिहिलेलं ताईने बोट ठेवून वाचलं. चिंच! साडेसहा हजार किलोमीटरवर चिंचेचा गोळा. तिने तोच घेतला, लोकांना रस्ता देत कठड्याला टेकून सावकाश संपवला आणि ग्लासाच्या तळाशी उरलेलं आंबट-गोड पाणीही प्यायली. मग टपरीशेजारच्या नळावर ग्लास विसळून म्हणाली, “आता हळूहळू घरी चालू. मधात एक नळ हाय, तिथं थांबू.”